शिशुशाळेतील तराजू

शिशुशाळेत विज्ञानास व यंत्रास स्थान असावे की नसावे, हा प्रश्न अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून वारंवार ऐकू येतो. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती उजळणारी काचेची पाटी द्यावी काय, त्याच्या वर्गात संगणक ठेवावा काय, यावर दोन पक्ष पडले आहेत. एक त्यास प्रगती म्हणतो, दुसरा त्यास बाल्याचा नाश म्हणतो. दोन्ही पक्षांचे एका गोष्टीविषयी मात्र एकमत दिसते. ती ही की, यंत्र ही वस्तू शिशुशाळेच्या दाराशी आता कोठे येऊन उभी राहिली आहे, आणि तिला आत घ्यावे की बाहेर ठेवावे हे ठरविणे आपल्या हाती आहे. आम्हास हे गृहीतच मान्य नाही. शिशुशाळा ही संस्था वैद्याच्या खोलीत आणि खनिजांच्या संग्रहालयात जन्मास आली. तिच्या घरी यंत्र पहिल्या दिवसापासून आहे. विचारावयाचे ते इतकेच की, ते यंत्र कोणाच्या हाती होते, आणि त्याने कोणी कोणास मोजले. हा प्रश्न नीट दिसावयाचा तर शहराची वेस सोडून चांदा-गडचिरोलीच्या अरण्यापर्यंत जावे लागते, असा आमचा अनुभव आहे.

जुना चांदा जिल्हा, ज्याचे २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर व गडचिरोली असे दोन जिल्हे झाले, हा यंत्रविद्येस अपरिचित मुलूख होय अशी समजूत रूढ आहे. ती खरी नाही. लोहारा, पिपळगाव, देवळगाव येथील लोखंडाच्या दगडाची कीर्ती जुनी असून, इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत या भागातील गावठी भट्ट्यांचे उल्लेख सापडतात. १८८२ साली रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन भूगर्भवेत्त्याने चांद्याच्या लोखंडाविषयी अहवाल लिहिला. तो जमशेटजी टाटांच्या वाचनात आला, आणि या देशात पोलादाचा कारखाना काढण्याची कल्पना त्यांच्या मनात त्या वाचनाने रुजली, हे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. वरोऱ्याचा कोळसा त्या कामी उतरेना, म्हणून तो कारखाना पुढे दूर पूर्वेस गेला. आज चंद्रपुरास औष्णिक विद्युत्केंद्र आहे, बल्लारपुरास कागदाचा कारखाना आहे, आणि सुरजागडच्या डोंगरावरून लोखंडाचा दगड गाड्या भरभरून खाली येत आहे. मोठे यंत्र या मुलखात दीडशे वर्षे येत आहे. ते येते, हवे ते मोजते, आणि मोजलेले घेऊन जाते. लहान यंत्रे मात्र येथील मुलाच्या अंगणातच असतात: बापाचे धनुष्य, लोहाराचा भाता, आईचे सूप, ओढ्याच्या तोंडाशी मासे अडविण्यास लावलेला बांबूचा सापळा, ज्यात मासा आत शिरतो पण बाहेर निघू शकत नाही. हा सापळा ज्याने चार वर्षांचा असताना हाताळला, त्यास यंत्र म्हणजे काय हे सांगावयास शहरातून कोणी जाण्याचे कारण नाही.

ही गोष्ट लक्षात ठेवून वाचकांनी आमच्याबरोबर थोडे दूर, दुसऱ्या एका अरण्यात यावे. शिशुशाळेच्या साधनांची वंशावळ तेथून सुरू होते.

१८०० सालच्या जानेवारीत दक्षिण फ्रान्समधील आव्हेरॉन प्रांतात रानातून वस्तीकडे आलेला एक मुलगा लोकांनी पकडला. वय अदमासे बारा. अंगावर सदऱ्याच्या चिंध्या, तोंडात भाषा नाही. त्यास पॅरिसास मुक्याबहिऱ्यांच्या संस्थेत नेण्यात आले. मोठमोठ्या पंडितांनी तो जन्मतःच मतिमंद आहे असा निर्वाळा दिला. परंतु ईतार नावाच्या एका तरुण वैद्याने, त्यास शिकविता येईल असा आग्रह धरून, पाच वर्षे त्याच्यामागे घालविली. मुलाचे नाव त्याने व्हिक्टर ठेविले. शब्द कानांतून आत शिरेनात, तेव्हा ईतारने डोळे व बोटे यांची वाट धरली: रंगीत आकृतींवर तशाच आकृती जुळवून ठेवणे, धातूची अक्षरे योग्य खाचेत बसविणे, ऊन व थंड वस्तूंतील भेद स्पर्शाने ओळखणे. १८०१ व १८०६ साली त्याने आपल्या प्रयोगांचे दोन वृत्तांत लिहिले. व्हिक्टर बोलावयास शिकला नाही. ईतारने हा आपला पराभव समजला आणि तो दुसऱ्या कामास लागला.

या वृत्तांतांत एक गोष्ट अशी आहे की, ती आम्हास वारंवार आठवते. व्हिक्टरला जेवणानंतर पाणी पिणे फार आवडे, आणि ते तो खिडकीशी उभे राहून, बाहेरच्या शेतांकडे व झाडांकडे पाहत, थोडे थोडे पीत असे. वैद्याने हे टिपून ठेविले, यात त्याच्या निरीक्षणाचा मोठेपणा आहे. परंतु त्या मुलास अरण्याविषयी काय ठाऊक होते, थंडीपासून, भुकेपासून त्याने स्वतःस कसे वाचविले, याचा उपयोग शिक्षणात करावा असे त्यास कधी वाटले नाही. मूल रिकामे आहे आणि भरावयाचे आपण आहो, हा त्याच्या सगळ्या खटाटोपाचा पाया होता. अरण्यात राहणाऱ्या आपल्या गोंड-माडिया बांधवांच्या मुलांची तुलना त्या अनाथ मुलाशी करणे हा शुद्ध अन्याय होईल. त्यांना आई, बाप, गोत्र, भाषा, गोटूल, सर्व काही आहे. तथापि त्यांच्या गावी पाठविलेल्या शिक्षणाच्या पेट्या ज्या बुद्धीने भरलेल्या असतात, ती बुद्धी पुष्कळदा ईतारचीच असते.

ईतारच्या साधनांचा वारसा त्याचा शिष्य सेगँ याने घेतला, व मंदबुद्धी मुलांसाठी त्यांची नीट व्यवस्था लाविली. पुढे सुमारे अर्ध्या शतकाने रोमच्या विद्यापीठातून १८९६ साली वैद्यकीची पदवी घेतलेल्या मारिया माँटेसरी या बाईंच्या हाती हे जुने ग्रंथ पडले. त्यांनी ते इटालियन भाषेत स्वहस्ते उतरून काढले; घाईने वाचले तर अर्थ निसटेल म्हणून. मंदबुद्धी मुलांवर ती साधने वापरून पाहिल्यावर त्यांना प्रश्न पडला की, धडधाकट मुलांस त्यांपासून किती लाभ होईल! ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी ‘बालगृह’ उघडले, आणि ती साधने प्रथमच गरिबांच्या निरोगी मुलांपुढे मांडली.

येथे आम्हास जरा थांबावयाचे आहे, कारण माँटेसरीबाईंच्या चरित्रातील जो भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, तोच आमच्या विषयाचा गाभा आहे. बाई त्या काळी रोमच्या विद्यापीठात शैक्षणिक मानवशास्त्र शिकवीत. या शास्त्राचा मुख्य उद्योग म्हणजे मुलांचे मोजमाप: डोक्याचा घेर, छाती, उंची, वजन. इटलीतील विद्वानांची अशी श्रद्धा होती की, मुलास पुरेसे मोजले म्हणजे शिक्षण आपोआप शास्त्रीय होईल. माँटेसरीबाईंनी मोजमाप सोडले नाही. बालगृहासाठी उंची मोजण्याचे एक यंत्र त्यांनी स्वतः योजिले, आणि वजन-उंची नियमाने टिपण्याची शिस्त घातली. परंतु आपल्या ग्रंथाच्या आरंभीच त्यांनी स्पष्ट म्हटले की, केवळ मोजमापाने शिक्षणशास्त्र निर्माण होत नाही. टाचणीने टोचून ठेवलेली फुलपाखरे जशी, तशी बाकावर खिळलेली मुले. त्यांना कितीही मोजा, हाती काही लागणार नाही. मग त्यांनी मोजण्याची साधने मुलाच्याच हाती दिली. लाकडी ठोकळ्यात दहा भोके, त्यांत बसणारे दहा दट्टे. एक दट्टा चुकीच्या भोकात गेला तर शेवटचा उरतो, आणि मुलास कोणी न सांगता आपली चूक कळते. बाईने ‘चुकलास’ म्हणावयाचे नाही. निकाल लाकूड देते.

आमच्या मते शिशुशाळेतील विज्ञान म्हणावयाचे ते एवढेच व हेच. तारे, ग्रह, विजेचे दिवे यांची चित्रे भिंतीवर लावणे म्हणजे विज्ञान नव्हे. ती फार तर शोभा होय. वस्तूस प्रश्न विचारावा आणि उत्तर वस्तूकडूनच घ्यावे, मोठ्या माणसाच्या मुद्रेकडे पाहून घेऊ नये, ही सवय लागणे म्हणजे विज्ञान. ती सवय साडेतीन वर्षांच्या मुलास लागू शकते, आणि पन्नाशीच्या पदवीधरास लागली नाही असेही आपण नित्य पाहतो.

फ्रोबेलची हकीकत थोडक्यात सांगतो. बालोद्यानाचा हा जनक पंधराव्या वर्षी एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारीस होता, आणि पुढे बर्लिनमध्ये वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली खनिजसंग्रहालयात त्याने काम केले. गोल, घन, वर्तुळस्तंभ आणि आठ तुकड्यांत विभागलेला घन, या त्याच्या प्रसिद्ध ‘देणग्यां’त स्फटिकांची भूमिती उघड दिसते. १८३७ साली त्याने आपली संस्था काढली. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने बालोद्यानांवर बंदी घातली. लाकडी ठोकळ्यांचे राज्यसत्तेस भय वाटावे, हा विनोद वाचकांनी मनात ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे फ्रोबेलची पद्धती आणण्याचे श्रेय पंडिता रमाबाईंकडे जाते. अमेरिकेतील वास्तव्यात फिलाडेल्फिया येथे त्यांनी तिचा अभ्यास केला, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस निघालेल्या शारदासदनात तिला स्थान दिले.

माँटेसरीची साधने हिंदुस्थानात आली ती फार महाग होऊन आली. परदेशी कारागिरांनी तासलेले, रंगविलेले, मापात केसाचाही फरक नसलेले ते संच संस्थानिकांच्या व धनिकांच्या मुलांस शोभावेत असेच होते. भावनगरास १९२० साली दक्षिणामूर्ति बालमंदिर काढणाऱ्या गिजुभाई बधेका यांनी, आणि पुढे त्यांना येऊन मिळालेल्या ताराबाई मोडक यांनी ही अडचण हेरली. ताराबाईंचा विदर्भाशी जुना संबंध. विवाहानंतर त्यांचा संसार काही काळ अमरावतीस झाला. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ साली ताराबाईंनी दादरास शिशुविहार काढला, आणि मराठी मध्यमवर्गास बालशिक्षण हा विषय घरचा झाला. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या आजीने त्या चळवळीतील पुस्तके वाचून आपल्या मुलांस मारणे सोडले असेल. परंतु ताराबाईंस याने समाधान वाटेना. ही सगळी विद्या मोजक्या घरांच्या मुलांसाठीच आहे काय, ही टोचणी त्यांना लागून राहिली.

याच सुमारास चांद्याच्या अगदी शेजारी, वर्ध्यास, निराळ्या दिशेने तोच प्रश्न विचारला जात होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये तेथे भरलेल्या परिषदेतून नई तालीम निघाली. ती आरंभी सात वर्षांपुढील मुलांसाठी होती. १९४५ साली तिची कक्षा वाढून तिच्यात सात वर्षांखालील मुलेही आली, आणि सेवाग्रामास शांताबाई नारुलकर यांनी ‘पूर्वबुनियादी’ वर्ग चालविला. तेथील साधन म्हणजे झाडू, पाण्याचे भांडे, कापूस, बागेतील माती. माँटेसरीच्या मुलाने खोट्या बटणांच्या चौकटीवर बटणे लावावयाची, तर सेवाग्रामच्या मुलाने आपल्याच सदऱ्याची लावावीत, असा हा भेद होता. आम्हास या पद्धतीविषयी आदर आहे. पण एक शंकाही आहे. काम उपयुक्तच असले पाहिजे असा आग्रह धरला म्हणजे, मुलाचे जे निरुपयोगी कुतूहल असते, पाणी पुन्हा पुन्हा एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून पाहण्याचे, त्यास कित्येकदा जागा उरत नाही. विज्ञान पुष्कळदा अशा निरुपयोगी ओतण्यातूनच निघते.

ताराबाई १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. तेथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले, आणि थोड्याच दिवसांत त्यांना असे दिसले की, ज्यांच्यासाठी आपण आलो ती मुले शाळेत येतच नाहीत. तेव्हा मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, असे ठरले. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत, गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महाग दट्ट्यांच्या व मनोऱ्यांच्या जागी बिया, शिंपले, गारगोट्या, पाने, काटक्या आल्या. ही काटकसर होती हे खरे, पण केवळ काटकसर नव्हती. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका अरण्यातील मुलासाठी योजलेली साधने रोमच्या गरीब वस्तीतून, भावनगर-दादरच्या सुखवस्तू घरांतून फिरत फिरत परत अरण्यातील मुलांकडे आली होती. आणि या वेळी, आमच्या माहितीप्रमाणे प्रथमच, साधन कशाचे करावे हे अरण्यास विचारण्यात आले होते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, व तिच्या केंद्रास अंगणवाडी हेच नाव दिले. नाव कोसबाडचे घेतले. पण शब्दाबरोबर बिया-शिंपले आले नाहीत, तराजू आला. आरोग्य, पोषण, लसीकरण, पूर्वशालेय शिक्षण अशी सहा कामे एका सेविकेच्या माथी आली, आणि त्यांत जे मोजता येते ते पुढे गेले, जे मोजता येत नाही ते मागे राहिले. टांगत्या काट्याच्या झोळीत मूल बसवावे, काटा स्थिर झाला की आकडा वाचावा, वाढीच्या तक्त्यावर टिंब द्यावे. हे अंगणवाडीचे सर्वांत शास्त्रशुद्ध काम झाले.

या तराजूची निंदा आम्ही करीत नाही, आणि गडचिरोलीविषयी लिहिणाऱ्याने तर ती मुळीच करू नये. २००१ साली ‘सर्च’ संस्थेने ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा महाराष्ट्रास कळले की सरकारी वह्यांत जितके बालमृत्यू लिहिले जातात त्याहून किती तरी अधिक प्रत्यक्षात घडतात. ज्या मुलाचे वजन कोणी घेत नाही, त्याचा मृत्यूही कोणी लिहीत नाही. तराजूने येथे जीव वाचविले आहेत, आणि वाचवीत आहे.

त्याच संस्थेचे आणखी एक साधन आमच्या विषयाच्या अगदी जवळ येते. लहान मुलांस न्यूमोनिया झाला की श्वास जलद होतो; श्वास मिनिटास किती, हे मोजले तर रोग ओळखता येतो. परंतु गावातील सुईणीस लिहिता-वाचता येत नाही, आणि पन्नास-साठपर्यंत न चुकता मोजणेही कठीण. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी तिच्यासाठी श्वासमापक केला: मिनिटाची वाळूची घटिका, आणि शेजारी सरकते मणी. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवावा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी आला, तर मूल आजारी. १९९२ साली वैद्यकीय नियतकालिकात या साधनाचे वर्णन आले. पुढे गावच्याच स्त्रियांना नवजात बाळांची शुश्रूषा शिकवून ३९ गावांत जो प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, तुलनेच्या गावांच्या मानाने नवजातांचे मृत्यू तेथे सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. आमचे लक्ष वेधते ते मण्यांकडे. माँटेसरीच्या शाळेत दशमान पद्धती मुलास दहा-दहा मण्यांच्या सरांनी शिकवितात. येथे तेच दहा एका निरक्षर म्हातारीने हातात धरले, आणि निर्णयही तिनेच केला. वर विचारावयास जावे लागले नाही. दट्ट्याप्रमाणे येथेही निकाल वस्तूनेच दिला.

आता शेवटचे यंत्र. मार्च २०२१ पासून अंगणवाडीची सर्व नोंद ‘पोषण ट्रॅकर’ या भ्रमणध्वनीतील व्यवस्थेत होऊ लागली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात महाराष्ट्रातील सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत करण्याचे आंदोलन केले. फोनची स्मृती अपुरी, आणि नोंदीची भाषा इंग्रजी, या त्यांच्या तक्रारी होत्या. २०२५ पासून घरी न्यावयाचा आहार देताना घेणाऱ्याचा चेहरा यंत्राने ओळखावा, असा नियम झाला. जेथे दूरध्वनीची लहर डोंगरावर चढल्याविना सापडत नाही, अशा गावी याचे काय होत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. पण लहर उद्या सापडेल, भाषा मराठी होईल, फोन चांगले मिळतील. या गोष्टी सुधारण्याजोग्या आहेत. त्या सुधारल्यावरही एक गोष्ट तशीच राहील. वर्गात जितकी यंत्रे आली, तराजू, उंची मोजण्याची पट्टी, फोन, त्या सर्वांचे तोंड मुलाकडे आहे. मुलाने ज्यातून जगाकडे पाहावे असे त्यांत एकही नाही. माँटेसरीबाईंनी १९०७ साली जी वाट चालून संपविली होती, तिच्या प्रारंभाशी आपण परत येऊन उभे आहो.

खेळण्यांची सोय झाली नाही असे नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ नावाची शिक्षणसाहित्याची पेटी दिल्लीहून निघाली. तिच्यात कोडी, बाहुल्या, चित्रपट्ट्या आहेत, आणि त्या वाईट नाहीत. परंतु गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे, आणि तेथील मूल पेटीत मावणार नाही इतके साहित्य अंगणात घेऊन बसलेले असते. चैत्रात मोहाची फुले पहाटे वेचावयाची. ओली किती, वाळल्यावर किती उरली, हे प्रत्येक घरी डोळ्यांदेखत घडते. तेंदूच्या पानांचा पुडा सत्तर पानांचा. तो बांधताना घरातील सर्वांत लहान मूलही पाने जुळवून देते. पोकळ बांबूची पेरे जाडीप्रमाणे कापली, तर एकात एक बसणारा दट्ट्यांचा संच फुकट तयार होतो, आणि चुकीचे पेर बसत नाही हे बांबू स्वतःच सांगतो. या मुलास मोजताही येते. फक्त ते ‘एक, दोन, तीन’ असे मोजत नाही. गोंडीत ते उंडी, रंड, मुंड, नालुंग, सैयुंग असे मोजते, बोलीबोलीप्रमाणे उच्चार थोडे बदलतात. शाळेच्या पहिल्या दिवशी त्यास सांगितले जाते की, तुला मोजता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एटापल्लीच्या बाजूस एका गावी आम्ही अंगणवाडीत बसलो होतो. वजनाचा दिवस होता. नवे यंत्र सपाट, काचेचे. वर उभे राहिले की आकडे उजळतात. चारेक वर्षांचा एक मुलगा मोहाने अर्धी भरलेली टोपली घेऊन तसाच रानातून आला होता. सेविकेने टोपली खाली ठेववून त्यास यंत्रावर उभे केले, आकडा फोनमध्ये घातला, आणि ती पुढच्या मुलाकडे वळली. मुलगा उतरला, मग टोपली उचलून पुन्हा चढला. आकडे बदलले. त्याने ते पाहिले. आकडे वाचता येत नव्हते, पण ते पहिले नव्हेत हे त्यास दिसले. त्याने टोपली खाली ठेवली, आकडे पुन्हा पहिले झाले. परत उचलली. तिसऱ्या खेपेस त्याने टोपलीतून दोन मुठी फुले काढून बाजूस ठेवली, आणि मग चढला.

“उतर रे बाळा, मशीन बिघडेल,” सेविका म्हणाली. तिचा स्वर रागाचा नव्हता. तिच्यामागे अजून सव्वीस मुले उभी होती, आणि नोंदी दुपारच्या आत, लहर होती तोवर, जावयाच्या होत्या. यंत्र बिघडले तर जबाबदारी तिचीच.

काम आटोपल्यावर आम्ही विचारले, “ताई, जुना टांगता काटा कोठे गेला?” तिने भिंतीकडील पत्र्याची पेटी उघडून दाखविली. काटा तेथेच होता, झोळीसकट, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तो पावशेराने कमी दाखवितो, म्हणून वजनास चालत नाही. तो मुलांस खेळावयास द्यावा, वडाच्या फांदीस टांगावा, असे आम्ही सुचविताच ती हसली. पावशेराचे मुलांस काय, असे तीही म्हणाली. परंतु काटा जडसंग्रहाच्या वहीत लिहिलेला आहे; निर्लेखनाची मंजुरी येईपर्यंत तो पेटीतून काढता येत नाही. अर्ज तिने दोनदा पाठविला होता.